एका सेकंदाचे सात वाटेकरी

परवा धाकटा नातू चेन्नईहून आला. तिथे नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी श्रीपेरुंबुदूरजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पैसे भरून स्वतःची गाडी पळवतो. (त्याच्या आईला हे इथे वाचूनच कळणार असेल, तर माझा नाइलाज आहे!) आल्या आल्या त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ट्रॅकचा वेडावाकडा नकाशा आणि त्यावर रंगीत रेघ. हिरवी असेल तिथे गाडी वेगात, तांबडी असेल तिथे ब्रेक.

"आजी, या वळणावर मी अगदी शेवटपर्यंत ब्रेक लावला नव्हता, बघ."

मी बघितलं. खालचा आलेख म्हणत होता, लावला होता, आणि चांगला चाळीस मीटर आधी. पोराने दोनदा बोटाने चित्र मोठं करून पाहिलं आणि गप्प बसला.

मी जन्मभर इतिहास शिकवला. साक्षीदार एक सांगतो आणि कागद दुसरंच सांगतो, हा आमचा रोजचा धंदा. त्यामुळे मला त्याच्या गाडीपेक्षा त्या रेघेतच जास्त रस वाटला. मग चार दिवस तेच वाचत बसले.

१९५४ सालची ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनला झाली. त्या काळी सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला एक गुण जादा मिळे. फेऱ्यांची वेळ मात्र पूर्ण सेकंदांतच मोजलेली. निकाल काय लागला असेल? सात जणांची सर्वोत्तम फेरी सारखीच, १ मिनिट ५० सेकंद! फॅन्जिओ, मॉस, अस्कारी, गोन्झालेझ, हॉथॉर्न, बेहरा, मारिमॉन. शेवटी एका गुणाचे सात तुकडे करून वाटले. आता हिशेब करा, त्या वेगाने गाडी सेकंदात चाळीस मीटरहून जास्त जाते. म्हणजे त्या सातांत कोणीतरी खरा पहिला असणारच. पण तो कोण, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण त्याची नोंदच नाही.

इथे मला थांबावं लागलं. कारण १९७८ च्या आसपास आमच्या तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांत शंभर मीटरच्या धावण्याला किल्लीचं स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. सेकंदाचे पाच भाग दाखवणारं. दोन मुलं जवळजवळ एकदम आली. मी एकाचं नाव सांगितलं, तो जिल्ह्याला गेला. दुसरा एवढंच म्हणाला, "बाई, मी पुढे होतो." रडला नाही, भांडलाही नाही. नंतर वर्षभर माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

असो. पुढे घड्याळं बारीक होत गेली. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला विल्नव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झेन या तिघांची पात्रता फेरीतली वेळ हजारांश सेकंदापर्यंत एकच आली, १ मिनिट २१.०७२. मग ज्याने ती आधी नोंदवली तो पुढे उभा राहिला. घड्याळ कितीही बारीक केलं तरी वाद शिल्लक राहतो तो असा.

पण फेरीला किती वेळ लागला हे कळणं वेगळं आणि तो कुठे गेला हे कळणं वेगळं. १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनच्या गाड्यांत नोंदी ठेवणारी यंत्रं आली, आणि ही दुसरी गोष्ट कळायला लागली. ती माहिती कारखान्याच्या मालकीची. इतर कुणाच्या हाती लागणं शक्य नव्हतं. पुढे तर खड्ड्यात, म्हणजे त्यांच्या पिटमध्ये बसून धावत्या गाडीची यंत्रणा बदलण्याचीही सोय झाली. मग गाडी चालवतो कोण, असा प्रश्न आला आणि २००३ पासून ते बंद केलं. बरंच केलं.

सामान्य माणसाच्या हाती हे यायला कारण घडलं ते शर्यतीबाहेरचं. उपग्रहावरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकन लष्कराची. बाकीच्यांसाठी ते तिच्यात मुद्दाम चूक मिसळत, शंभर मीटरपर्यंतची. तेवढ्या चुकीत आमच्या नातवाची गाडी शेजारच्या शेतात दिसली असती! मे २००० मध्ये क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ थांबली. काही वर्षांत जीपीएस फोनमध्येही आलं आणि फेऱ्यांची वेळ नोंदवणारी अ‍ॅप निघाली.

अ‍ॅपचं काम तसं साधं आहे. नकाशावर एक आडवी रेघ मारायची, गाडीने ती ओलांडली की फेरी मोजली. मग दोन फेऱ्या एकावर एक ठेवायच्या, पण वेळेवर वेळ नाही, जागेवर जागा. त्याच वळणाला काल किती वेग होता, आज किती, आणि वेळ गमावली कुठे, हे दिसतं. फोन सहसा सेकंदाला एकदाच जागा टिपतो. ताशी १८० किलोमीटर वेगात दोन टिपणांमध्ये गाडी पन्नास मीटर गेलेली असते. म्हणून नातवाने काचेपाशी काडेपेटीएवढं वेगळं यंत्र चिकटवलंय, ते सेकंदाला दहादा टिपतं.

मी त्याला ते दोन मुलांचं सांगितलं. "आजी, तेव्हा हे असतं तर?" तो म्हणाला.

मीच हिशेब केला. मुलं सेकंदाला सात-आठ मीटर धावतात. दोघांत अंतर असेल वीतभर. आणि फोनची चूक आजही दोन-चार मीटरची. म्हणजे माझ्या स्टॉपवॉचसारखीच गत.

"मग काय लागेल?"

रेघेवर कॅमेरा लागेल, म्हटलं. नाहीतर तेव्हा दोघांनाही पाठवायला हवं होतं.

तो पुन्हा आपल्या वळणाकडे वळला. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, म्हणे त्या चाळीस मीटरांपैकी निदान वीस तरी कमी करायला. त्याच्या आईने हे वाचलं असेल, तर मला फोन करू नये.