चिलिका सरोवराचे पुनरुज्जीवन (1981–2002) : सार्वजनिक निधी, भागीदारी आणि मच्छीमारांचे हक्क – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील पाणथळ प्रदेशांच्या संवर्धनाचा इतिहास हा प्रामुख्याने शासकीय योजनांचा व वन्यजीव कायद्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पाणथळ जागा म्हणजे पक्ष्यांचे आश्रयस्थान, आणि तिचे संवर्धन म्हणजे वनखात्याचे काम, अशी एक सर्वसाधारण समजूत रूढ आहे. परंतु पाणथळ प्रदेश ही निर्जन भूमी नसते. तेथे मासेमारी होते, गवत कापले जाते, गुरे चरतात आणि शेतीसाठी पाणी उपसले जाते. त्यामुळे अशा प्रदेशावर सार्वजनिक पैसा खर्च होतो तेव्हा तो केवळ निसर्गावर होत नाही. तेथील मालकी व उपभोगाच्या प्रस्थापित संबंधांवरही त्याचा परिणाम होतो. या दृष्टीने ओरिसा (2011 पासून ओडिशा) राज्यातील चिलिका सरोवराचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे.

पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिलिका हे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरील खाऱ्या व गोड्या पाण्याच्या मिश्रणातून बनलेले विस्तीर्ण खाजण सरोवर होय. उन्हाळ्यात सुमारे 906 चौ. कि.मी. असलेले त्याचे क्षेत्र पावसाळ्यात सुमारे 1165 चौ. कि.मी. पर्यंत वाढते. हिवाळ्यात येथे लक्षावधी स्थलांतरित पक्षी येतात, इरावडी डॉल्फिनचे येथे वास्तव्य आहे आणि सुमारे दोन लाख मच्छीमार लोकसंख्येची उपजीविका या सरोवरावर अवलंबून आहे. मराठी अभ्यासकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. 1751 ते 1803 या काळात ओरिसावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती, आणि पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस या सरोवराच्या पुनरुज्जीवनाचा शास्त्रीय आधार पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या अभ्यासातून मिळाला.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1) चिलिकाच्या ऱ्हासाची नैसर्गिक व सामाजिक कारणे समजून घेणे.
2) पुनरुज्जीवनासाठी उभारलेल्या सार्वजनिक निधीचे व संस्थात्मक भागीदारीचे स्वरूप तपासणे.
3) या भागीदारीत पारंपरिक मच्छीमारांचे स्थान काय होते, याचा शोध घेणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. मुख्य कालखंड 1981 ते 2002 असा मर्यादित ठेवला आहे. संदर्भ स्पष्ट होण्यापुरता त्याच्या आधीच्या व नंतरच्या घटनांचा उल्लेख केला आहे.

विषय विवेचन :

अ) मासेमारीच्या हक्कांची पूर्वपीठिका

ब्रिटिश काळात चिलिकातील मासेमारीची क्षेत्रे खल्लीकोट, परिकुद इत्यादी जमीनदाऱ्यांच्या अखत्यारीत होती. जमीनदार ही क्षेत्रे केउट, कंडरा, तिअर यांसारख्या मच्छीमार जातींना खंडाने देत. कोणत्या जातीने कोणत्या ठिकाणी, कोणत्या साधनाने आणि कोणत्या हंगामात मासे पकडावेत याविषयी रूढ संकेत होते. हे संकेत विषमतामूलक होते हे मान्य करूनही त्यांमुळे सरोवराच्या उपभोगावर एक प्रकारची मर्यादा राहिली, असे म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर ओरिसा इस्टेट्स ॲबॉलिशन ॲक्ट, 1951 अन्वये जमीनदारी नष्ट झाली आणि मासेमारीची क्षेत्रे शासनाकडे आली. 1959 मध्ये मध्यवर्ती मच्छीमार सहकारी विपणन संस्था स्थापन करण्यात आली. शासन या संस्थेला, आणि संस्था गावोगावच्या प्राथमिक मच्छीमार सहकारी संस्थांना क्षेत्रे भाडेपट्ट्याने देऊ लागली. म्हणजेच जमीनदाराच्या जागी सहकारी संस्था आली, तरी हक्काचा धारक मच्छीमार समाजच राहिला. या व्यवस्थेला 1980 नंतर तडा गेला.

ब) कोळंबीचे अर्थकारण व पहिली 'भागीदारी'

आंतरराष्ट्रीय बाजारात कोळंबीला मिळणाऱ्या चढ्या भावामुळे 1980 च्या दशकात चिलिकाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. उथळ पाण्यात मातीचे बांध किंवा बांबू व जाळ्यांचे कुंपण घालून कोळंबी वाढविण्याचा व्यवसाय झपाट्याने पसरला. स्थानिक भाषेत या बंदिस्त क्षेत्रास 'घेरी' म्हणतात. या व्यवसायात भांडवल लागते. त्यामुळे मच्छीमार जातींबाहेरील सधन वर्ग आणि शहरातील गुंतवणूकदार सरोवरात उतरले.

1986 मध्ये ओरिसा शासन व टाटा समूह यांच्यात कोळंबी संवर्धनाच्या संयुक्त प्रकल्पाचा करार झाला. चिलिकाच्या इतिहासात शासन आणि बाह्य संस्था यांच्या 'भागीदारी'चा हा पहिला मोठा प्रयोग होय. त्याविरुद्ध मच्छीमार व विद्यार्थी यांनी 'चिलिका बचाओ' आंदोलन उभारले आणि 1992 पर्यंत हा प्रकल्प गुंडाळला गेला. परंतु कंपनी गेली तरी घेरी गेल्या नाहीत. डिसेंबर 1991 च्या भाडेपट्टा धोरणाने मासेमारीची क्षेत्रे आणि मत्स्यसंवर्धनाची क्षेत्रे असे विभाजन केले व बिगर-मच्छीमारांच्या सरोवरातील प्रवेशाला अधिकृत वाट करून दिली. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात चिलिका व पुलिकत सरोवरांपासून 1000 मीटरच्या आत कोळंबी संवर्धनास मनाई केली. न्यायालयाचा आदेश स्पष्ट होता, पण त्याची अंमलबजावणी मात्र अपुरी राहिली.

क) सरोवराचा नैसर्गिक ऱ्हास

याच सुमारास सरोवराची नैसर्गिक प्रकृतीही ढासळत होती. महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा दरवर्षी मोठ्या प्रमाणात गाळ आणीत होत्या. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूमुळे सरोवराचे समुद्रमुख उत्तरेकडे सरकत व अरुंद होत गेले. भरतीचे पाणी आत येण्यास व नदीचे पाणी बाहेर जाण्यास अडथळा निर्माण झाला. क्षारता घटली, गोड्या पाण्यातील वनस्पतींनी मोठा भाग व्यापला आणि समुद्रातून आत येणाऱ्या मासे व कोळंबीच्या पिलांची वाट अडली.

1981 मध्ये चिलिका आणि राजस्थानातील केवलादेव ही रामसर करारान्वये घोषित झालेली भारतातील पहिली दोन स्थळे ठरली होती. अवघ्या बारा वर्षांत, म्हणजे 1993 मध्ये, परिसंस्थेतील विपरीत बदलांमुळे चिलिकाची नोंद 'माँट्रो नोंदवही'त, म्हणजे धोक्यातील रामसर स्थळांच्या यादीत करावी लागली. आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याने सरोवर आपोआप सुरक्षित होत नाही, हे यावरून दिसून येते.

ड) सार्वजनिक निधी व संस्थात्मक रचना

1991 मध्ये ओरिसा शासनाने चिलिका विकास प्राधिकरणाची स्थापना केली. संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या या प्राधिकरणाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे होते. या रचनेचे महत्त्व ध्यानात घेणे आवश्यक आहे. सरोवरातील पक्षी वनखात्याकडे, मासे मत्स्यखात्याकडे, नद्या जलसंपदा खात्याकडे आणि जमीन महसूल खात्याकडे असल्याने एकट्या खात्याला संपूर्ण सरोवराचा विचार करणे शक्य नव्हते. प्राधिकरणामुळे या खात्यांना एकत्र आणणारे एक व्यासपीठ निर्माण झाले.

निधीची बाजूही लक्षणीय आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या पाणथळ संवर्धन योजनेबरोबरच दहाव्या व अकराव्या वित्त आयोगांच्या शिफारशींनुसार चिलिकासाठी विशेष अनुदान उपलब्ध झाले. वित्त आयोग ही राज्यघटनेच्या कलम 280 अन्वये केंद्र व राज्ये यांच्यातील महसुलाची वाटणी ठरविणारी यंत्रणा होय. एका सरोवराचे आरोग्य हा राज्याच्या वित्तीय गरजांचा भाग मानला जाणे ही घटना पर्यावरणाच्या इतिहासकारांनी दुर्लक्षित ठेवू नये अशी आहे. या अनुदानाचा आवाका पाच वर्षांचा असल्याने वार्षिक योजनांच्या तुलनेत दीर्घ मुदतीचे नियोजन शक्य झाले.

प्रश्न होता तो हा पैसा नेमका कोठे खर्च करावा याचा. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने सरोवरातील प्रवाह, भरती-ओहोटी व गाळ यांचा अभ्यास केला आणि त्याआधारे नवीन समुद्रमुख उघडण्याची शिफारस पुढे आली. 23 सप्टेंबर 2000 रोजी सातपाडा परिसरासमोर हे नवे मुख उघडण्यात आले. पाण्याचा समुद्रापर्यंतचा मार्ग त्यामुळे सुमारे 18 कि.मी. ने कमी झाला. जोडीला गाळाने भरलेल्या प्रवाहमार्गाची सफाई व पाणलोट क्षेत्रातील मृदसंधारणाची कामे हाती घेण्यात आली.

परिणाम अपेक्षेपेक्षा लवकर दिसले. क्षारता वाढली व पाणवनस्पतींचा विस्तार घटला. 1999-2000 मध्ये सुमारे 1,745 टन असलेले मत्स्योत्पादन 2001-02 मध्ये सुमारे 11,989 टनांवर पोहोचले. नोव्हेंबर 2002 मध्ये चिलिकाचे नाव माँट्रो नोंदवहीतून वगळण्यात आले आणि असे घडलेले ते आशियातील पहिले स्थळ ठरले. त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसर पाणथळ संवर्धन पुरस्कार मिळाला. याच्या तुलनेत केवलादेव व मणिपूरमधील लोकताक ही दोन भारतीय स्थळे अद्यापही त्या यादीत आहेत, हे लक्षात घेता चिलिकाचे यश किती दुर्मीळ आहे याची कल्पना येते.

इ) यशाची दुसरी बाजू : सोराणा, 29 मे 1999

या यशोगाथेत सहसा न येणारी एक तारीख येथे नोंदविणे आवश्यक आहे. बेकायदेशीर घेरी हटविण्याबाबत शासन चालढकल करीत असल्याच्या भावनेतून मच्छीमार संघटनांनी मे 1999 मध्ये स्वतःच घेरी उद्ध्वस्त करण्यास सुरुवात केली. 29 मे रोजी सोराणा गावात पोलिसांनी गोळीबार केला व त्यात चार जण मृत्युमुखी पडले. नवे मुख उघडण्यापूर्वी अवघे सोळा महिने ही घटना घडली. सरोवराच्या पाण्यासाठी विशेष अनुदान उपलब्ध होते, त्याच काळात सरोवरावरील हक्कासाठी माणसे प्राण गमावीत होती.

2002 मध्ये मासेमारीच्या नियमनासाठी विधानसभेत एक विधेयक आले. त्यात सरोवराचा काही वाटा बिगर-मच्छीमारांनाही देण्याची तरतूद असल्याने त्याला मच्छीमार संघटनांनी विरोध केला व ते विधेयक कायद्यात रूपांतरित झाले नाही. पुढील काळातही उच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार घेरी हटविण्याच्या मोहिमा प्रशासनाला वेळोवेळी घ्याव्या लागल्या. म्हणजेच जो प्रश्न जलविज्ञानाचा होता तो दोन वर्षांत सुटला, आणि जो मालकीचा होता तो दोन दशकांनंतरही शिल्लक राहिला. मत्स्योत्पादन किती वाढले याचे आकडे उपलब्ध आहेत. वाढलेले मासे कोणाच्या जाळ्यात गेले, हा प्रश्न मात्र त्या आकड्यांतून सुटत नाही.

ई) गावपातळीवरील भागीदारी : मंगलाजोडी

याच पार्श्वभूमीवर सरोवराच्या उत्तर काठावरील मंगलाजोडी (जि. खुर्दा) या गावाचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. हे गाव पक्ष्यांच्या चोरट्या शिकारीसाठी ओळखले जात असे. 2000 च्या सुमारास स्वयंसेवी संस्थेच्या प्रयत्नांतून येथे पक्षी संरक्षण समिती स्थापन झाली आणि पूर्वीचे शिकारीच पक्ष्यांचे राखणदार बनले. शिकाऱ्याजवळील पक्ष्यांच्या सवयींचे ज्ञान पुढे पर्यटकांना होडीतून पक्षी दाखविण्याच्या कामी आले. 2018 मध्ये येथील पर्यटन उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनेही चिलिकात पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला आहे.

मंगलाजोडीत खर्च झालेली रक्कम समुद्रमुखाच्या कामाच्या तुलनेत नगण्य होती. परंतु येथे स्थानिक माणूस हा योजनेचा 'लाभार्थी' न राहता तिचा कर्ता झाला. भागीदारी या शब्दाचा खरा अर्थ येथे प्रत्ययास येतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1) चिलिकाचे पुनरुज्जीवन हे सार्वजनिक निधी, सर्व खात्यांना जोडणारे प्राधिकरण आणि शास्त्रीय अभ्यास या तिन्हींच्या संयोगातून झाले. यांपैकी एकही घटक एकटा पुरेसा नव्हता.

2) चिलिकाच्या इतिहासात 'भागीदारी' हा शब्द तीन भिन्न अर्थांनी आला. 1986 मध्ये ती शासन व कंपनी यांची होती, 2000 मध्ये शासन व वैज्ञानिक संस्था यांची, तर मंगलाजोडीत ग्रामस्थ व स्वयंसेवी संस्था यांची. पहिल्या दोन्हींमध्ये मच्छीमार समाज निर्णयप्रक्रियेच्या बाहेरच राहिला.

3) सार्वजनिक निधीमुळे सरोवराचे मूल्य वाढते. हक्कांची निश्चिती झालेली नसेल तर वाढलेले मूल्य बळकटांच्या हाती जाण्याचा धोकाही वाढतो. म्हणून हक्कांची नोंद हे संवर्धनानंतर करावयाचे काम नसून संवर्धनाचाच पहिला भाग मानले पाहिजे.

महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांना 2020 पर्यंत आणि ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा प्राप्त झाला आहे. नांदूर मध्यमेश्वर हा मुळात सिंचनासाठी गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेला जलाशय आहे, तर ठाणे खाडीच्या काठावर कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. दोन्ही ठिकाणी पाणी, पक्षी आणि माणसे यांची सरमिसळ चिलिकाप्रमाणेच आहे. या स्थळांसाठी आराखडे तयार होतील व निधीही उपलब्ध होईल. त्या आराखड्यांत गाळाच्या व पक्ष्यांच्या मोजणीबरोबर काठावरील कुटुंबांच्या हक्कांचीही मोजदाद व्हावी, एवढी जाणीव चिलिकाच्या इतिहासाने आपणास दिली तरी सदर अभ्यासाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.