न दिसलेला इम्रान

मराठी वाचकांच्या एका पिढीला बाबुराव अर्नाळकरांचे जसे वेड होते, तसेच उर्दू वाचकांना इब्ने सफींचे होते. माझे नाना मालेगावात लूमवर काम करीत. शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांच्या लोखंडी पेटीत कपड्यांखाली इब्ने सफींच्या पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्या जपून ठेवलेल्या असत. शाळेने मला उर्दू शिकवली. वाचायची चटक मात्र त्या पेटीने लावली. म्हणूनच इब्ने सफींच्या कादंबरीवर निघालेल्या ‘धमाका’ या काहीशा विसरल्या गेलेल्या चित्रपटाविषयी लिहावेसे वाटते.

इब्ने सफी यांचे खरे नाव असरार अहमद. जन्म १९२८ सालचा, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावचा. मूळचा पिंड कवीचा आणि विनोदी लेखकाचा. काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकीही केली. अश्लीलतेचा आधार न घेता लोकप्रिय लिहिता येते, हे दाखवण्याच्या जिद्दीने ते रहस्यकथेकडे वळले. १९५२ साली अलाहाबादेत ‘जासूसी दुनिया’ ही मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी ते कराचीला गेले. लेखक तिकडे गेला, तरी त्याचे वाचक इकडेही राहिले. पुस्तके दोन्ही देशांत छापली जात होती.

१९५५ साली त्यांनी अली इम्रान जन्माला घातला. परदेशात शिकून आलेला, पण चेहऱ्यावर ठार बावळटपणा. अंगात भडक रंगांचे कपडे, तोंडात च्युइंगम. वडील रहमानसाहेब गुप्तचर खात्याचे मोठे अधिकारी, आणि या ‘नालायक’ मुलाला त्यांनी घराबाहेर काढलेले! प्रत्यक्षात हाच विदूषक ‘एक्स-टू’ या नावाने सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख असतो. फोनवरून येणाऱ्या ज्या आवाजाला त्याचे सहकारी चळचळा कापतात, त्या आवाजाच्या मालकाची ते समोरासमोर खिल्ली उडवतात. वाचकाला हे गुपित ठाऊक असते. सारा विनोद त्यातूनच उभा राहतो.

१९६० नंतर इब्ने सफी तीन वर्षे मानसिक आजाराने लेखनापासून दूर होते. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले. भारतात या कादंबरीचे प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. दोनच वर्षांनी, शास्त्रीजी पंतप्रधान असताना, दोन्ही देशांत युद्ध पेटले. पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर बंदी आली. पडद्यावरची देवघेव थांबली, इम्रान मात्र नानांच्या पेटीत राहिला.

‘धमाका’ १३ डिसेंबर १९७४ रोजी पाकिस्तानात प्रदर्शित झाला. तो इम्रान मालिकेतील ‘बेबाकों की तलाश’ या कादंबरीवर आधारलेला होता. निर्माते मुहम्मद हुसेन तालपूर ‘मौलाना हिप्पी’ या नावाने ओळखले जात. जेम्सनची भूमिका त्यांनीच केली. जफरुल मुल्क झाला जावेद शेख हा नवा तरुण, आणि नायिका ढाक्यात जन्मलेली शबनम. आणि इम्रान? तो पडद्यावर नव्हताच. त्याच्या पथकातील माणसेही दाखवली नव्हती. होता तो केवळ एक्स-टूचा आवाज, आणि तो आवाज दिला होता खुद्द इब्ने सफींनी!

मला यात मोठी गंमत दिसते. प्रत्येक वाचकाच्या मनात इम्रानचा एक चेहरा ठरलेला होता. कोणताही नट उभा केला असता, तरी हजारो वाचकांनी “हा आमचा इम्रान नव्हे” म्हटले असते. शिवाय इम्रानचा विनोद हाणामारीत नाही, बोलण्यात आहे. समोरच्याचे वाक्य उलटवून त्याच्याच गळ्यात घालण्यात आहे. म्हणजे तो भाषेत राहतो. तेव्हा त्याचा आवाज लेखकानेच द्यावा, हे न्यायाचेच झाले.

चित्रपट फारसा चालला नाही. पैसा आणि जाहिरात, दोन्ही तोकडे पडले. जावेद शेख मात्र मोठा नट झाला आणि २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’मध्ये आपल्याकडच्या पडद्यावरही दिसला. इब्ने सफी २६ जुलै १९८० रोजी वारले.

मी नानांना हे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “अच्छा हुआ बेटा, हमारा इम्रान हमारे पास ही रहा.”

उर्दू समीक्षेने या लेखकाला दीर्घकाळ साहित्याच्या ओसरीवरही बसू दिले नाही. पुढे शम्सुर्रहमान फारुकींसारख्या थोर समीक्षकाने त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. २०११ साली त्या प्रसिद्ध झाल्या. शाळेच्या ग्रंथालयात ही पुस्तके ठेवू या, असे मी एकदा बैठकीत सुचवले, तेव्हा काही सहकारी हसले होते. मी वाद घातला नाही. आठवीच्या वर्गात एका ऑफ तासाला इम्रान आणि रहमानसाहेबांची एक झकापकी वाचून दाखवली. घंटा झाली आणि एरवी पुस्तकाला हात न लावणारा मागच्या बाकावरचा मुलगा टेबलापाशी येऊन म्हणाला, “मॅडम, किताब घर ले जाऊं?”

ती नानांच्या पेटीतली प्रत होती. मी दिली.