सायकल की मोटार वाहन? धाराशिव जिल्ह्यातील दुचाकी आणि कायद्याची सीमारेषा

धाराशिव जिल्ह्याच्या दळणवळणाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः रस्त्याचा इतिहास आहे, कारण रेल्वे या जिल्ह्यात लवकर आली तरी जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याला ती फार उशिरा मिळाली. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. मात्र तो येडशी, ढोकी या गावांवरून गेला, आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) शहराला त्यानंतर जवळजवळ शतकभर, म्हणजे रुंदीकरण होऊन लातूर-कुर्डुवाडी मार्ग शहराजवळून वळवला जाईपर्यंत, स्वतःचे स्थानक नव्हते. हा जिल्हा तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये मोटार सेवा सुरू केली खरी, पण ती मोठ्या रस्त्यांपुरती होती. गावापासून बाजारापर्यंत, शेतापासून शाळेपर्यंतचे पाच-दहा कोसांचे अंतर बैलगाडीने किंवा पायीच तोडावे लागे. ही पोकळी ज्या वाहनाने पहिल्यांदा भरून काढली ते सायकल होय. म्हणून या जिल्ह्यात विजेच्या दुचाकीविषयी आज जे प्रश्न विचारले जातात, म्हणजे परवाना लागतो का, क्रमांक घ्यावा लागतो का, विमा कशाला, मुलाने चालवली तर चालेल का, त्यांची मुळे सायकल आणि मोटार यांच्यातील जुन्या कायदेशीर भेदात शोधावी लागतात.

सायकल पूर्णपणे मोकळी होती, हा समज बरोबर नाही. मोटारींचा कायदा तिला लागू नव्हता, पण नगरपालिकांना मोटारींखेरीज इतर वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार होता, आणि पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक शहरांत सायकलमालकाला वर्षाचा कर भरून पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, वर्ष आणि क्रमांक ठोकलेला हा बिल्ला हँडलजवळ तारेने बांधलेला असे. रात्री बिनदिव्याची सायकल चालवणे आणि ‘डबलसीट’ जाणे हेही पोलिसांच्या नजरेत गुन्हे होते. त्या अर्थाने सायकल हे स्थानिक अधिकाऱ्याच्या कक्षेतील वाहन होते. तिच्यासाठी चालकाची परीक्षा, वाहनाची नोंदणी किंवा विमा यांपैकी काहीच नव्हते. मोटारीची गोष्ट निराळी. १९१४ च्या पहिल्या देशव्यापी कायद्यापासून, पुढे १९३९ च्या आणि शेवटी १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमापर्यंत, नोंदणी आणि चालकाचा परवाना ही बंधने मोटारीच्या मागे लागत आणि वाढत गेली. १९३९ च्या कायद्याने त्यांत तिऱ्हाइताच्या विम्याची, म्हणजे अपघातात सापडणाऱ्या परक्या माणसाच्या नुकसानीसाठी उतरवायच्या विम्याची, भर घातली. एमएच २५ हा या जिल्ह्याचा ओळखक्रमांक १९८८ च्या कायद्याच्या काळातला. उस्मानाबादचे धाराशिव झाले तरी तो बदलला नाही.

या दोन जगांच्या मधोमध पहिल्यांदा उभी राहिली ती मोपेड. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेल्या लूनाला सायकलसारखे पायडल होते, तिचे इंजिन ५० घन सेंटिमीटरचे होते, आणि दूधवाल्यापासून शिक्षकापर्यंत अनेकांना ती सायकलचीच धाकटी बहीण वाटे. तरीही कायद्याने तिला मोटार वाहनच मानले, कारण पायडल असणे ही सायकलची कसोटी नव्हती. पुढे कसोटी ठरली ती इंजिनाच्या आकाराची. १९८८ च्या अधिनियमातील व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन तेवढे ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून वगळले जाते. घन सेंटिमीटर हे सिलिंडरच्या पोकळीचे माप आहे. विजेच्या मोटारीला सिलिंडरच नसतो, त्यामुळे बॅटरीची दुचाकी बाजारात येऊ लागली तेव्हा हे माप निरुपयोगी ठरले.

त्यावर २००५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘बॅटरीवर चालणारे वाहन’ ही व्याख्या घालून उपाय करण्यात आला. मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती, म्हणजे ती सलग तीस मिनिटे न तापता देऊ शकेल तेवढी शक्ती, पाव किलोवॉटपेक्षा कमी असेल आणि वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते वाहन मोटार वाहन समजले जाणार नाही; मात्र ही गोष्ट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेली असली पाहिजे. अशा संस्थांपैकी पुण्याची एआरएआय, तेथीलच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या तीन महाराष्ट्रातच आहेत. या सवलतीतल्या वाहनाला परवाना, नोंदणी, विमा किंवा हेल्मेट यांची कायदेशीर सक्ती नाही. त्यापेक्षा अधिक शक्तीच्या किंवा वेगाच्या प्रत्येक विजेच्या दुचाकीला मात्र पेट्रोलच्या स्कूटरचे सर्व नियम लागू होतात. फरक इतकाच, की २०१८ पासून तिच्या क्रमांकाची पाटी हिरवी असते आणि ऑगस्ट २०२१ पासून तिला नोंदणीचे शुल्क माफ आहे. वयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो असे अधिनियम म्हणतो, आणि येथेही तेच सिलिंडरचे माप विजेच्या गाडीसमोर मुके होते. पालकांनी मात्र २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९-अ लक्षात ठेवले पाहिजे: अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

पाव किलोवॉटचा हा आकडा सपाट शहरासाठी रास्त असेल. धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर वसलेला आहे. येडशीजवळचा आणि तुळजापूरच्या खालचा घाट सोडला, तरी शंभराला पाच असा चढ या भागात अपूर्वाईचा नाही. चालक धरून १३० किलो वजन अशा चढावर ओढण्यास पाव किलोवॉट शक्ती लावली, तर साध्या गणिताने वेग ताशी दहा-अकरा किलोमीटर येतो. मागे एक माणूस बसला की तो सात-आठवर उतरतो, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या थोडाच पुढे. ग्राहकाची अडचण येथे खरी आहे, आणि तिचा गैरफायदाही येथेच घेतला जातो. बैठकीखाली कंट्रोलर नावाची पेटी असते, जी बॅटरीतील वीज मोटारीला किती द्यायची ते ठरवते. बऱ्याच गाड्यांत त्या पेटीतून दोन बारीक वायरी बाहेर आलेल्या असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असेपर्यंत वेग पंचविशीच्या आत राहतो, आणि सोडवल्या की तीच गाडी चाळिशी गाठते. कागदावर ती सायकल राहते, रस्त्यावर ती नोंदणी नसलेले मोटार वाहन बनते. काही ठिकाणी तर मोटारच अधिक शक्तीची बसवलेली असते. २०२२ च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन विभागाने अशा बदललेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली. कलम १८२-अ नुसार नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला किंवा विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो, तर स्वतः असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये. शिक्षेचे हे प्रमाण न्याय्य आहे, कारण वायरीचे ज्ञान विकणाऱ्याला असते, घेणाऱ्याला क्वचितच. पण अंमलबजावणीत मात्र रस्त्यावर सापडतो तो घेणाराच. म्हणून खरेदीच्या वेळी चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घेणे आणि त्यावरील मॉडेलचे नाव गाडीवरील नावाशी ताडून पाहणे, एवढी सावधगिरी अत्यावश्यक ठरते.

हा भेद केवळ दंडापुरता नाही. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते आणि ती सहसा विमा कंपनी देते. प्रमाणित, सवलतीतल्या गाडीने कोणाला धडक दिली तर हा मार्ग उपलब्ध नसतो, आणि जखमीला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. वेग वाढवलेली गाडी तर दुहेरी संकट आणते: ती मोटार वाहन ठरते, तिचा विमा नसतो, आणि भरपाईचा सारा बोजा मालकाच्या शेतीवाडीवर येतो. कायद्याने सोडलेली ही फट अत्यंत अन्यायकारक आहे, कारण पायी चालणाऱ्या म्हाताऱ्याला धडक देणारी गाडी २३ च्या वेगाने आली की २७ च्या, यावर त्याच्या उपचारांचा खर्च अवलंबून राहत नाही.

गाडी यांपैकी कोणत्याही वर्गातली असो, घरी ती चार्ज करण्यास वेगळा परवाना लागत नाही. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरातील मार्गदर्शक सूचनांनी घरगुती चार्जिंगला मुभा दिली. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीच्या संचात जेमतेम एक युनिट वीज मावते, म्हणजे खर्च किरकोळ आहे. काळजी घ्यायची ती जागेची. भर उन्हात पत्र्याच्या शेडखाली तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे आणि अर्थिंग नसलेल्या जुन्या बोर्डातून रात्रभर वीज घेणे, या दोन सवयी धोक्याच्या आहेत. २०२२ मध्ये देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे मानक, एआयएस १५६, कडक करण्यात आले आणि त्याचा पहिला टप्पा त्याच वर्षी १ डिसेंबरपासून लागू झाला. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने बॅटरी या तारखेच्या आधीची की नंतरची, हे म्हणूनच पाहावे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी संपलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. शिशाची बॅटरी भंगारवाला किलोच्या भावाने आनंदाने नेतो, कारण शिशाला बाजार आहे. लिथियमच्या पेटीला तालुक्याच्या गावी तसा रुळलेला बाजार नाही, आणि फुगलेली, निकामी झालेली पेटी घरात न ठेवता पावतीसह विक्रेत्याकडेच परत देणे भाग आहे.