सुदर्शन तडागाचा आय-व्यय

गिरनारच्या पायथ्याच्या ज्या शिळेवर अशोक, रुद्रदामा व स्कंदगुप्त या तिघांचे लेख आहेत, ती शिळा वाचकांस परिचितच आहे. रुद्रदाम्याच्या लेखाचें वाचन १८३८ मध्यें प्रिन्सेपनें प्रसिद्ध केलें व पुढें कीलहॉर्ननें एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत त्याचें संपादन केलें. तेव्हांपासून राजवंशाच्या व संस्कृत गद्याच्या अंगानें त्याची चर्चा पुष्कळ झाली. आम्ही येथें केवळ त्यांतील आंकड्यांचा विचार करणार आहों. तळ्यांत पाणी किती येतें व किती जातें याचा हिशेब नसेल तर तळें टिकत नाहीं. तो हिशेब प्राचीनांपाशीं कितपत होता, हा आमचा प्रश्न.

चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रिय वैश्य पुष्यगुप्त यानें सुदर्शन बांधविलें व अशोकाच्या वतीनें यवनराज तुषास्फ यानें त्यास प्रणाळ्या जोडल्या, असें लेख सांगतो. त्यांत ‘परीवाह’ हा शब्द आला आहे. अधिक झालेलें पाणी वाहून नेणारी वाट, असा त्याचा अर्थ. म्हणजे आवक जावकीपेक्षां वाढेल ही जाणीव बांधणारांस होती. असें असतां वर्ष ७२ च्या, म्हणजे इ. स. १५० च्या, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस धरण फुटलें. या तिथीकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. मार्गशीर्ष हा पावसाचा महिना नव्हे. पावसाळा नुकताच सरलेला, तळें भरलेलें. अशा वेळीं सुवर्णसिकता, पलाशिनी आदि नद्यांस पूर आला, तर येणारा प्रत्येक थेंब परीवाहानेंच बाहेर गेला पाहिजे. वादळानें वृक्ष व अट्टालक उन्मळल्याचें लेखांत वर्णन आहे. त्या पडझडीनेंच परीवाह तुंबला असावा, असा आमचा तर्क आहे.

भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद व ७५ हात खोल पडलें. हात दीड फुटाचा धरल्यास लांबी ६३० फूट व खोली ११२ फुटांवर जाते. धरणाची जाडी ४२० हात होती असें मानणें कठीण. तेव्हां हें माप नुसत्या बांधाचें नसून पाण्यानें खालीं उकरलेल्या खळग्यासह असावें. या अनुमानास स्कंदगुप्ताच्या लेखानें बळकटी येते. गुप्त संवत् १३६ (इ. स. ४५५-५६) मध्यें भाद्रपदाच्या सहाव्या दिवशीं रात्रीं तळें पुन्हां फुटलें. पुढील वर्षीं पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित यानें दोन महिन्यांत तें बांधून काढलें. माप १०० हात लांब, ६८ हात रुंद व ७ पुरुष उंच. अर्थशास्त्रांत पौरुष ९६ अंगुळांचा आहे, खणतीचा मात्र ८४ अंगुळांचा. त्याप्रमाणें उंची २८ किंवा साडेचोवीस हात होते. ७५ शीं ती कोठेंच जुळत नाहीं. मोठी उंची धरूनही या कामाचें घनफळ १,९०,४०० घनहात येतें. पहिल्या खळग्याचें १,३२,३०,०००, म्हणजे जवळजवळ सत्तरपट! काम पाहून रुद्रदाम्याचे सचिव निरुत्साह झाले यांत नवल नाहीं. अमात्य सुविशाख यानें, प्रजेवर कर वा विष्टि न लादतां, राजाच्या कोशांतून तें सिद्धीस नेलें.

मोजलें गेलें तें असें: भोंक व बांध. पाणी नव्हे. पाऊस मात्र मोजीत. कोठारांत एक अरत्नि तोंडाचें कुंड ठेवावें, असें कौटिल्य सांगतो. वराहमिहिरही हातभर रुंद कुंडानें पाऊस मोजून ५० पळांचा आढक धरतो. कौटिल्यानें जांगल देशास १६ द्रोण व अवंतीस २३ द्रोण पाऊस दिला आहे. अपरांतास, म्हणजे आमच्या कोंकणास, अमित. गोदावरीकांठच्या अश्मकाचा आंकडा ‘अर्धत्रयोदश’. शामशास्त्र्यांच्या इंग्रजी भाषांतरांत याचे साडेतेरा झाले आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. अर्धतृतीयाचे आपण अडीच करतों, अर्धचतुर्थाचे औट, म्हणजे साडेतीन. त्याच न्यायानें अर्धत्रयोदश हे साडेबाराच होत.

जावकीचा हिशेब पाण्याच्या मापानें नव्हे, तर उपशाच्या रीतीनें होई. हातानें काढलेल्या पाण्यास पांचवा हिस्सा, खांद्यावरून नेलेल्यास चौथा, यंत्रानें पाटांत सोडलेल्यास तिसरा, असा उदकभाग कौटिल्यानें ठरविला आहे. सेतूचें पाणी ‘अपारें’ सोडणारास सहा पण दंड आहे. येथें ‘पार’ म्हणजे मोरी कीं पाळी, यावर मतभेद आहे. आम्ही पाळीच्या बाजूचे आहों. कारण पाणी मापानें मोजतां येत नसे तेथें काळानें मोजणें हाच सोपा मार्ग.

परंतु हें शब्दावरून केलेलें अनुमान झालें. खानदेशांतील फडांचे अथवा देशावरील तळ्यापाटांचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत पाण्याची पाळी घटकांनीं लाविली आहे कीं मोरीच्या मापानें, एवढा मजकूर तरी तारखेसह नकलून धाडावा.