देवाच्या पत्रापासून फॉरवर्डपर्यंत : शिरूर-दौंडमधील धमकीचे निरोप आणि मुले

साखळी पत्र म्हणजे मिळणाऱ्याने ठरावीक संख्येने नकला करून पुढे धाडायचे पत्र. धाडले तर लाभ, थांबवले तर अरिष्ट, ही त्याची अट. पुणे जिल्ह्याच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतील मुलांच्या मोबाइलवर आज असे जे निरोप येतात, त्यांचा साचा मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे. पोस्ट, रेल्वे आणि छापखाना यांनी तो महाराष्ट्रभर खेडोपाडी पोचवला होता.

भारतात पोस्टकार्ड १८७९ च्या जुलैत सुरू झाले, किंमत पाव आणा. त्याच्या आदल्या वर्षी दौंड-मनमाड लोहमार्ग खुला होऊन दौंड हे जंक्शन झाले होते. शिरूर, म्हणजे जुनी घोडनदी, पुणे-नगर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. दोन्ही गावे शिर्डीच्या वाटेवर आहेत. दौंडहून निघालेली गाडी कोपरगावला थांबते आणि तेथून शिर्डी जवळ. शिरूरवरून एसटी नगरमार्गे शिर्डीला जाते. साईबाबांच्या नावाने निघणारी पत्रके यात्रेकरूंच्या हातून फिरत, त्यामुळे अशा वाटेवरच्या गावांना ती अनोळखी राहिली नाहीत.

१९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला, घरोघरी शुक्रवारचे व्रत सुरू झाले, आणि संतोषी मातेच्या नावाची कार्डेही वाढली. मजकूर बहुधा एकाच वळणाचा असे. एखाद्या देवळात साप प्रकटला, त्याने मनुष्यरूप घेऊन पुजाऱ्याला दृष्टांत दिला. एकाने पत्रके वाटली, त्याला धन मिळाले. दुसऱ्याने पत्र फाडले, त्याचा मुलगा दगावला. गावाचे नाव धड नसे, तारीख नसे, पुजाऱ्याचा पत्ता नसे. आकडा मात्र पक्का असे : अकरा कार्डे किंवा काही शे पत्रके, आणि मुदत दिवसांत मोजलेली. १९८० च्या दशकात पोस्टकार्ड १५ पैशांना होते, म्हणजे अकरा कार्डांचा खर्च १ रुपया ६५ पैसे. पत्रके छापायची तर छापखान्याचे बिल वेगळे. भीतीची किंमत तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाच्या खिशातून जाई.

मुलांचा संबंध तरीही येतच असे. ज्या घरात मोठ्यांना लिहिणे जमत नसे, तेथे चांगल्या अक्षराच्या शाळकरी मुलाला कार्डे उतरवायला बसवत. दगावलेल्या मुलाची गोष्ट तो मुलगा अकरा वेळा आपल्या हाताने लिही. या निरोपांनी मुलांवर केलेला हा सर्वांत जुना अन्याय, आणि तो घरच्यांच्याच हातून नकळत झालेला. पण त्या काळात एक आधारही होता. पत्र पोस्टमनच्या हातून ओट्यावर यायचे, सर्वांसमोर वाचले जायचे, आणि एखादा काका किंवा शाळेतले गुरुजी ‘काही होत नाही’ म्हणून ते चुलीत टाकायचे. पुढे काहीही घडले नाही, हे मुलाला रोज समोर दिसत असे.

हा प्रकार काही एकट्या भारताचा नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात दहा सेंट पाठवायच्या साखळी पत्रांनी टपाल कचेरी तुंबली होती. महाराष्ट्रात अशा भीतीला जाहीरपणे तोंड देण्याचे काम पुढे संघटितपणे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीच्या वैज्ञानिक जाणिवा प्रकल्पाने शिक्षक आणि विद्यार्थ्यांपर्यंत चिकित्सेची सवय नेली. शिरूर तालुक्यातच, पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला होता. हाताने काम करून, स्वतः पडताळून शिकण्याची तेथील पद्धत साखळी पत्रांसाठी आखलेली नव्हती. मात्र ‘करून पाहा’ ही शिकवण अशा धमकीवर जितकी लागू पडते, तितके कोणतेही व्याख्यान लागू पडत नाही.

मोबाइलने त्या साच्यात सर्वांत मोठे बदल दोन केले. पाठवण्याचा खर्च नाहीसा झाला, आणि निरोप थेट मुलाच्या हाती पडू लागला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले आणि घरातला एकमेव फोन अभ्यासासाठी मुलांकडे आला. ग्रामीण महाराष्ट्रात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. फोन मात्र मुलांच्या हातातून पूर्वीइतका दूर गेला नाही. पुजाऱ्याच्या जागी आता मेलेली मुलगी आली, जी रात्री बारा वाजता पलंगाशी उभी राहणार असते. अकरा कार्डांच्या जागी दहा-पंधरा मित्र आले. मुदत दिवसांवरून तासांवर आली. ‘तुला आईची शपथ आहे’ ही ओळ मात्र मराठी घरातून उचललेली. मुलाला स्वतःचे काही होईल याहून आईचे काही होईल याची धास्ती जास्त असते, आणि निरोप नेमका तेथेच बोट ठेवतो.

या टापूच्या जवळून गेलेली एक घटना २०१७ च्या ऑगस्टमधली. मुलांना स्वतःला इजा करायला लावणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळाची धास्ती देशभर होती. सोलापुरातून घर सोडून पुण्याच्या बसने निघालेल्या १४ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी दौंडच्या पूर्वेला, भिगवण येथे बसमधून उतरवून घेतले. बातम्यांनी त्याचा संबंध त्या खेळाशी जोडला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले की, तपासलेल्या कोणत्याही प्रकरणात या खेळाचा हात असल्याचे सिद्ध झालेले नाही. ‘मोमो’ या नावाने फोनवर फिरलेल्या भेसूर चेहऱ्याच्या धमकीचेही तसेच. तो चेहरा जपानी कलाकार केइसुके आइसो यांनी घडवलेल्या, २०१६ मध्ये टोकियोत मांडलेल्या शिल्पाचा होता. २०१९ मध्ये शाळांनी आणि पालकांनी काळजीपोटी पाठवलेल्या सूचनांमुळेच तो चेहरा त्याआधी न पाहिलेल्या मुलांपर्यंतही पोचला.

अफवा जिवावर उठते तेव्हा काय होते, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दाखवले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या निरोपांमागून १ जुलै २०१८ रोजी तेथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड केलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

शिरूर आणि दौंडने अफवेचे दिवस २०२४ च्या उन्हाळ्यापासून पाहिले. रात्री वाड्यावस्त्यांवर ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, असे निरोप शिरूर, दौंड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात फिरू लागले. गावकऱ्यांनी गस्त घातली, पोलिसांनी अफवा न पसरवण्याचे आवाहन केले. उसाच्या फडात एकटे घर, अंगणात काठ्या घेऊन बसलेली माणसे आणि ग्रुपवर दर काही मिनिटांनी नवा व्हिडिओ, हे सारे मुले जागी राहून पाहत होती. मोठेच घाबरलेले असताना मुलाला धीर द्यायचा कोणी, हा खरा प्रश्न त्या रात्रींनी उभा केला. ज्या घरात फोन बंद करून मुलांना मध्ये घेऊन झोपवले गेले, तेथे उपाय आपोआप सापडला होता.

धमकीचा निरोप आल्यावर मुलाशी कसे वागावे, याची रीत या इतिहासातूनच निघते. पहिली गोष्ट म्हणजे हसू नये. ‘एवढ्यात घाबरलास?’ म्हटले की मूल पुढचा निरोप लपवून ठेवते आणि गुपचूप दहा जणांना पाठवून मोकळे होते. निरोप त्याच्याबरोबर बसून वाचावा, आकडा, मुदत, बक्षीस, शिक्षा हे चार सांधे त्यालाच शोधू द्यावेत. कोण, कुठल्या गावी, कधी मेले, हे विचारले की गोष्ट तेथेच लटपटते. शपथेचे ओझे मुलांच्याच रीतीने उतरवता येते. खेळात ‘सुटली म्हण’ म्हटले की शपथ सुटते. आजीने तेवढे ‘सुटली’ म्हटले तरी लहान मूल शांत झोपते. समजावणे सकाळी करावे, कारण रात्री भीतीला तर्क पटत नाही. मग निरोप काढून टाकावा, तो मोठ्याच्या फोनवर घेऊन तेथेच थांबवला तरी चालते, आणि मुदत टळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मुलाला ते आवर्जून दाखवावे. ओट्यावरच्या वाचनात जे सहज घडत होते, ते आता ठरवून करावे लागते. शाळेने सावधगिरीची सूचना द्यायची तर चित्र आणि मजकूर पुन्हा पाठवू नये. पाठवणाऱ्या मित्रालाही दोष देऊ नये. त्याने भीतीपोटीच पाठवलेले असते. अनोळखी माणूस पैसे, फोटो किंवा स्वतःला इजा करण्याची मागणी करत असेल तर प्रकरण साखळी पत्राचे राहत नाही. तेव्हा स्क्रीनशॉट ठेवून पोलिसांकडे जावे, किंवा १०९८ ही मुलांची हेल्पलाइन फिरवावी. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही सेवा मूल स्वतःही वापरू शकते.

शिरूरच्या मुलांना ‘फोनवरचे सगळे खोटे’ असे सांगून मात्र भागत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांसह तिघांचा जीव गेला. त्याच काळात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची चित्रेही जिल्ह्यात फिरली आणि वन विभागाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. तेथे मुलाला दोन्ही शिकवावे लागते : अंधार पडल्यावर उसाकडे एकटे न जाणे, आणि फोनवर आलेले चित्र कुठले व कधीचे हे घरात विचारल्याखेरीज पुढे न पाठवणे. खात्री करायची तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि गावात पोलीस पाटील व वनरक्षक असतात.