शेडनेटमधल्या फुलझाडांत लपलेली कीड कशी ओळखायची?

पाली (ता. सुधागड) : शेडनेट किंवा पॉलीहाऊस घातलं की कीड आत येत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर एकदा आत शिरली की तिला ना पाऊस धुऊन नेतो, ना बाहेरचे मित्रकीटक तिच्यापर्यंत पोचतात. जरबेरा, गुलाब, कार्नेशनवर कीड सहज दिसायला लागते तोवर फुलांचा दर्जा उतरलेला असतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो.

फुलकिडे सगळ्यात चोरटे. अंडी पानाच्या आत, पिल्लं कळीत आणि कोष बहुतांशी मातीत. त्यामुळे एका फवारणीनं काम होत नाही. फूल पांढऱ्या कागदावर झटकावं, बारीक पिवळे-तपकिरी किडे पळताना दिसतात. फुलात तोंडानं गरम वाफ सोडली तरी ते बाहेर येतात. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी, पिवळे पांढऱ्या माशीसाठी. नुसतं लक्ष ठेवायला गुंठ्याला एक सापळा पुरतो, पण तो झाडाच्या शेंड्याच्या जरा वर टांगावा. छताला लटकवलेला सापळा ही शोभाच.

लाल कोळी फेब्रुवारी ते मे या उन्हात वाढतो. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पान उलटून दहापट भिंगानं बघा. जाळं दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर मुंग्या मारत बसू नका, पानांच्या बेचक्यात आणि कुंडीच्या काठाखाली पिठ्या ढेकूण शोधा.

पावसाळ्यात कोकोपीटवर बारीक काळ्या माश्या उडतात. तिथं कच्च्या बटाट्याची चकती दोन-तीन दिवस ठेवावी. उचलल्यावर खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या दिसल्या तर त्या मुळंही खात असतात.

सगळ्यात घात करते ती सूत्रकृमी, कारण ती जमिनीखाली. झाड दुपारी माना टाकतं, संध्याकाळी सावरतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ड्रिप वाढवतो. एक झाड उपटून मुळं हलक्या हातानं धुवा. मुळातच फुगलेल्या गाठी असतील आणि चोळून सुटत नसतील तर ती सूत्रकृमीच. बेडसाठी आपण लाल माती आणि शेणखत बाहेरून आणतो, त्यातूनच ती येते. म्हणून माती भरण्याआधी तिच्यात टोमॅटोची चार रोपं पिशवीत लावा, महिना-दीड महिन्यानं उपटून मुळं बघा. खर्च जवळजवळ शून्य. बेड भरून झाल्यावर कळलं तर माती काढणं कुणाला परवडतं?

नर्सरीतून आणलेली रोपंही दोन आठवडे वेगळी ठेवावीत. शंका असेल तर मुळांसकट झाड आणि मुळांजवळची ओलसर माती पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता, रोह्याजवळ किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. औषधाच्या दुकानात नुसतं पान दाखवून मुळांचा रोग कळत नाही.