तारोनचे केशधारी देव

आर्मेनियाच्या प्राचीन भूमीत, वान सरोवराच्या पश्चिमेस, तारोन नावाचा एक प्रांत होता. पूर्व युफ्रेटिसच्या पाण्यावर पोसलेले मूशचे विस्तीर्ण पठार हे त्याचे हृदय. आज हा मुलूख तुर्कस्तानात मोडतो. याच तारोनात एके काळी भारतीयांची वसाहत होती, तेथे त्यांची गावे होती, देवळे होती आणि पितळेचे प्रचंड देव होते, अशी एक कथा आर्मेनियन भाषेतील एका जुन्या ग्रंथात येते. तिचा कर्ता झेनोब ग्लाक हा चौथ्या शतकातील सिरियन धर्मगुरू असल्याचे ग्रंथच सांगतो.

कथा अशी : गिसाने आणि देमेत्र या दोन भारतीय राजपुत्रांनी आपल्या राजाविरुद्ध कट केला. तो उघडकीस येताच ते पळाले आणि फिरत फिरत आर्मेनियाचा राजा वाघार्शक याच्या आश्रयास गेले. राजाने त्यांना तारोनची जहागीर दिली. त्यांनी तेथे नगर वसविले व त्याला ‘विशाप’, म्हणजे महासर्प, असे नाव ठेवले. पंधरा वर्षांनी मात्र राजाची मर्जी फिरली व दोघेही मारले गेले. कारण काय ते ग्रंथकार सांगत नाही. आश्रिताच्या वाट्याला असे मरण येणे त्याला बहुधा नवलाचे वाटले नसावे. कुआर, मेघ्ती आणि होर्यान या त्यांच्या मुलांनी प्रत्येकी एकेक गाव वसविले, आणि पुढे कार्के पर्वतावर आपल्या पित्यांच्याच नावाने दोन मूर्ती स्थापन केल्या. एक बारा हात उंच, दुसरी पंधरा हात. गिसाने लांब केसांचा होता. म्हणून त्याचे पुजारीही केस वाढवीत.

इ. स. ३०१ च्या सुमारास, परंपरेनुसार, राजा त्रदात याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संत ग्रिगोर जुनी देवळे पाडीत तारोनात आला. इतरत्र पुजारी पळाले; येथे त्यांनी शस्त्रे उचलली. अर्त्सान नावाचा त्यांचा नायक आपल्या पुत्रासह लढला. दोन्ही बाजूंची हजाराहून अधिक माणसे पडली, मूर्ती फोडल्या गेल्या आणि त्या जागी योहान बाप्तिस्त्याच्या नावाने मठ उभा राहिला. जे उरले त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण जुन्या देवाची आठवण म्हणून ते आपल्या मुलांच्या डोक्यावर केसांची एक बट राखीत. हे वाचताना भारतीय वाचकाला शेंडी आठवल्यावाचून राहत नाही.

ती अनेकांना आठवलीही. कलकत्त्याचे आर्मेनियन विद्वान योहानेस अवदाल यांनी १८३६ साली तेथील एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ही हकीगत मांडली. शंभर वर्षांनंतर, १९३७ साली, मेस्रोव्ब सेठ यांनी भारतातील आर्मेनियनांच्या आपल्या इतिहासात तिला पुन्हा स्थान दिले. ज्या समाजाने जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली मद्रासमध्ये काढले, त्याला आपल्या यजमानांचे पूर्वज आपल्याही घरी पाहुणे होते असे वाटण्यात गोडी असणे स्वाभाविकच होय. काहींनी गिसाने म्हणजे कृष्ण असेही ठरवून टाकले.

परंतु इतिहासाला एवढ्याने भागत नाही. झेनोबचा ग्रंथ चौथ्या शतकातील नसून त्यानंतर कित्येक शतकांनी रचला गेला, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. ‘गिसाने’ या नावात केसांचा वाचक असलेला आर्मेनियन शब्दच दिसतो. देमेत्र तर उघड उघड ग्रीक वळणाचे नाव. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, कीव्ह नगरीच्या स्थापनेच्या स्लाव कथेत किय, श्चेक आणि खोरिव हे तीन भाऊ येतात. कुआर आणि होर्यान यांच्याशी त्यांतील दोन नावांचे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटले नाही. तीन भावांची ही गोष्ट देशोदेशी फिरत असावी आणि ज्याच्या हाती लागली त्याने ती आपल्या गावाला चिकटवली असावी. लांब केस राखणारा एखादा जुना संप्रदाय तारोनात असणे संभवनीय आहे. तो भारतातून आला, हे मात्र या पुराव्यावर म्हणता येत नाही.

खरा धागा निराळाच आहे, आणि तो त्याच प्रांतात सापडतो. तारोनमधील अश्तिशात येथे वहाग्न या देवाचे मोठे देऊळ होते. मोव्सेस खोरेनात्सी या इतिहासकाराने त्याच्या जन्मगीताच्या मोजक्या ओळी जतन केल्या आहेत : आकाश, पृथ्वी आणि जांभळा समुद्र यांना वेणा येतात, लाल बोरू धुमसतो, आणि ज्वाळेतून अग्नीच्या केसांचा बालक धावत बाहेर येतो. हा वहाग्न विशापांचा, म्हणजे महासर्पांचा, संहारक. त्याचे नाव इराणी वेरेथ्रघ्नापासून आले. आणि वेरेथ्रघ्न व आपला वृत्रहन् हे एकाच मुळाचे शब्द होत. ऋग्वेदात अहीला मारणाऱ्या इंद्राचे हे बिरुद, इराणच्या वाटेने, तारोनच्या देवळात देव होऊन बसले होते. त्यासाठी कोणा राजपुत्राला पळून जावे लागले नव्हते.

कार्के पर्वतावरील मठ पुढे शतकानुशतके यात्रेचे ठिकाण राहिला. मल्ल, दोरीवर चालणारे कसरतपटू आणि कवने रचणारे गायक तेथे आपल्या कलेसाठी वर मागावयास जात. १९१५ साली ऑटोमन सत्तेखाली आर्मेनियनांचा संहार झाला, त्यात तारोनची वस्ती उखडली गेली. मठ उद्ध्वस्त झाला. त्याचे कोरीव दगड पुढे तेथे वसलेल्या खेड्याच्या भिंतींत बसविले गेले. त्या पायाखाली पितळेच्या देवांचे काही उरले होते की नाही, याचा शोध घेण्याची संधी त्याबरोबर बहुतांशी गेली.

मूशच्याच दुसऱ्या एका मठात तेराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला, सुमारे २८ किलो वजनाचा प्रवचनसंग्रह होता. त्या वर्षी दोन स्त्रियांनी त्याचे दोन भाग करून ते पाठीवर वाहून नेले, असे सांगतात. एकीने आपला भाग एच्मियाझिनला पोहोचविला. दुसरी वाटेत एर्झुरुमला मरण पावली. मरण्यापूर्वी तिने आपला भाग तेथील मठाच्या आवारात पुरला होता. तोही पुढे सापडला. आज हा ग्रंथ येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखितांच्या संग्रहालयात आहे.